जीपचे खांदे

गोपालच्या जीपले उतार लागे. तिचा सेल्फ कधीचाच मेला होता, म्हणून ती उभी करायची तं उताराकडे तोंड करूनच. सुलतानपुरात मारुतीच्या पारापासून खाली ओढ्याकडं रस्ता जाते, त्या उतारावर गोपालची जागा ठरलेली. सकाळी चाकाखालचा दगड काढला की जीप आपल्या मनानं हळूहळू निघे. मंग गोपाल गिअर टाकून क्लच सोडे आन ती खोकलत खोकलत जागी होये. त्या जागेवर दुसऱ्या कोणाची हिंमत नव्हती गाडी लावायची. चुकून एखाद्यानं ट्रॅक्टर लावला, तं गोपालचा थोरला भाऊ इंद्रभान जाऊन उभा राहे. "ही माझ्या भावाच्या जीपची जागा हाये. हटव." आन ट्रॅक्टर हटे. इंद्रभान शाळा जास्त शिकला नाही, पण त्याचा आवाज पाराच्या ह्या टोकाहून त्या टोकाले जाते, हे कोणालेही इचारा.

जीप गोपालहून वयानं मोठी होती. हिवरा आश्रमाच्या एका दूधवाल्याकडं निंबाच्या झाडाखाली ती किती वर्सं पडून होती कोणास ठाऊक. मागच्या शीटवर कोंबड्या अंडे देत. गोपालनं कोंबड्या उतरवल्या, इंद्रभानच्या मदतीनं पंधरा दिवस तिच्याखाली पाठ घासली, आन एक दिवस ती चालवत गावात आणली. तवा गोपाल एकवीसचा. अख्ख्या सुलतानपुरात त्या वयाचे पोट्टे हप्त्यावरच्या नव्या मोटारसायकली घेऊन फिरत, पण सोताच्या हातानं मेलेली गाडी उठवणारा एकच. हे काही उगीच मोठेपण नाही.

तिच्या खोडी फक्त गोपालले माहीत. डायव्हर बाजूचं दार सुतळीनं बांधा लागे. हॉरन फक्त डावीकडं वळतानी वाजे, म्हणून उजवीकडून येणाऱ्यानं सोतानंच बाजूले व्हावं. डिझेलचा काटा मेलेला, तं टाकीत ज्वारीचं धांडं बुडवून पाहायचं, कुठवर ओलं झालं ते. पाण्यापावसात काचेवरचा वायपर बाजूच्या माणसानं दोरीनं ओढायचा. बाजूले कोणी नसलं तं गोपाल एका हातानं दोरी ओढे, दुसऱ्या हातानं जीप हाके. पण सकाळच्या पाहरी वांग्याचे कट्टे आन कोथिंबिरीच्या जुड्या भरून लोणारच्या भाजीबाजारात हर्रासाच्या बोलीले निघाला की त्याले वाटे, आपल्यासारखा सुखी माणूस नाही. पायाखालच्या पत्र्याले पडलेल्या भोकातून रस्ता पळतानी दिसे. इंजिनाचा गरमपणा पायाले लागे. त्याले तिचा आवाजच असा पाठ झाला होता, की कुठं काय दुखते हे तो न पाहता सांगे.

बंद पडली की मात्र इज्जत जाये. लोणारच्या स्टँडसमोर, सगळ्या गर्दीत, हमखास बंद पडे. पानठेल्यावरचे सोबती वाटच पाहत.

"गोपाल, म्हातारीले दवाखान्यात नेऊन राह्यला का बे?"

"हिचं पेन्शन चालू झालं का नाही आजून?"

"हसा बे हसा," गोपाल म्हणे. "आंधी धक्का मारा, मंग हसा."

आन ते मारत. सुलतानपूर ते लोणार त्या रस्त्यावर असा माणूस नाही ज्यानं एकदा तरी गोपालच्या जीपले धक्का मारला नाही.

नाही म्हणायले एक होता. गोपालचा बाप, कारभारी, घरातल्यायचा आबा.

आबाले ती जीप दिसतच नव्हती. म्हणजे डोळ्याले दिसे, पण तो पाहत नसे. त्याचं कारण साऱ्या घराले ठाऊक होतं आन कोणी बोलत नसे. त्या घरी बैलाची जोडी होती, हौश्या आन मोगऱ्या. पोळ्याच्या तोरणाखाली कारभारीची जोडी उभी राह्यली की लोक बाकीचे बैल सोडून तिकडं पाहत. मंग लंपीची साथ आली. हौश्याच्या अंगावर गाठी आल्या, डाक्टर आला, सुया झाल्या, आबानं आठ दिवस गोठ्यातच अंथरूण टाकलं. हौश्या गेला. एकट्या मोगऱ्याले जू कसं लावता? दुसरा जोड त्याले पटला नाही, तो शेजारच्या बैलाले शिंगं मारे. शेवटी मोगऱ्या इकला. आन त्याच्यानंतर दोन महिन्यांतच, पहिल्या दिवशी, गोठ्याच्या जागी येऊन उभी राह्यली ती ही जीप. मोगऱ्याच्या दाव्याच्या खुंटीजवळ.

आबा त्या दिवशी एवढंच म्हणला, "मी ह्याच्यात बसणार नाही." आन बसला नाही.

सोताच्याच वावरातले वांगे त्या जीपमंधून लोणारले जात, आन आबा सोता एसटीनं जाये. हर्रासात बापलेक शेजारी उभे राहत, भाव ठरला की आबा परत स्टँडवर. एक दिवस तं असं झालं, की वाटेत सपाटीवर जीप बंद पडली. गोपाल बोनेट उघडून उभा, हात काळे. मागून एसटी आली. खिडकीत आबा. गोपालनं पाह्यलं, आबाची पांढरी टोपी, सरळ समोर पाहणारं तोंड. एसटी बाजूनं निघून गेली. धुळीत गोपाल उभा राह्यला. लोकायच्या हसण्यानं त्याले कधी काही झालं नव्हतं, पण ती टोपी वळली नाही ते त्याच्या काळजाले लागलं.

त्या दिवसापासून त्याची एकच इच्छा होती. नवी गाडी नको, नवा सेल्फ नको. आबानं एकदा जीपमंधी बसावं.

पोळा आला. त्या घरात पहिला पोळा असा, की दारात बैल नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. संध्याकाळी बैलाचे खांदे गरम पाण्यानं शेकायचे, तूप-हळद लावून चोळायचे. वर्सभर त्या खांद्यावर जू असते, तिथली कातडी कठीण होते, म्हणून एक दिवस त्याची सेवा. आन मंग बैलाच्या कानात सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. झुंबरबाई, म्हणजे गोपालची माय, ह्या घरात लग्न होऊन आली तवापासून एकाही खांदशेकणीले चुकली नव्हती.

त्याच दिवशी दुपारी गोपालनं जीप अंगणात घेऊन पुढचे दोन्ही चाकं काढले होते. बिरेक घसरत होता. बिरेक मारला की चाकाले आतून धरून ठेवणारे वाकडे लोखंडी तुकडे असतात, त्यावर लायनर चढवलेलं असते. ते लोणारच्या मिस्त्रीकडून नवं चढवून आणलं होतं. चारी तुकडे त्यानं गोणपाटावर जोडीजोडीनं मांडून ठेवले. घाई होती, कारण दुसऱ्या दिवशी, ऐन पोळ्याले, नारायणरावची सवारी होती. नारायणराव लोणारचा भाजीचा मोठा व्यापारी. त्याच्या घरच्यायले हिवरा आश्रमाले दर्शनाले न्यायचं होतं. तो गोपालले म्हणला होता, "तुही जीप रस्त्यात दगा देत नसन, तं उद्यापासून माझा सारा माल तूच वाहा." इंद्रभाननं ही गोष्ट सकाळपर्यंत अर्ध्या गावाले सांगून टाकली होती. "माझ्या भावाले नारायणरावनं बोलावलं. भल्याभल्याले नाही बोलावत."

माय जवळ येऊन बसली. गोपाल जीपखाली पाठीवर झोपलेला.

"काय करून राह्यला रे लेका?"

"बिरेक नवा बसवतो माय."

"हे वाकडे तुकडे कायचे?"

"हेच तं बिरेक होय. उतारावर साऱ्या गाडीचा भार ह्यायच्यावर येते. हे नाही तं गाडी कुठी जाईन सांगता येत नाही."

"सारा भार ह्यायच्यावर?"

"हो. सारा."

मायनं एका तुकड्यावर हात फिरवून पाह्यला. एक स्प्रिंग तुटलेली निघाली म्हणून गोपाल फाट्यावरच्या दुकानात गेला. तो यायले संध्याकाळ झाली. गल्लीत घरोघर बैल शेकणं चालू होतं, तुपाचा आन हळदीचा वास पसरला होता. गोपाल अंगणात शिरला आन थबकला.

माय गोणपाटापाशी बसली होती. बाजूले गरम पाण्याचं गंज-पातेलं, फडकं आन वाटी. चारी लायनर तुपानं चमकत होते, पिवळेजर्द. माय एकएक तुकडा मांडीवर घेऊन अंगठ्यानं चोळत होती, जसे हौश्या-मोगऱ्याचे खांदे चोळे तसे. आन खाली वाकून त्यायले सांगत होती, "आज आवतन घ्या बाप्पा, उद्या जेवाले या."

थोरली सून जयमाला चुलीपासून पळत आली. "आत्याबाई, हे काय केलं वो! बिरेकले तूप लावलं?"

इंद्रभान तं हसूच लागला. "माय, आता ही जीप थांबणार नाही. थेट लोणारच्या सरोवरातच जाईन."

माय गोंधळली. तिनं गोपालकडं पाह्यलं. "तूच म्हणला ना रे... सारा भार ह्यायच्यावर. मंग खांदेच झाले ना ते?"

गोपालच्या डोक्यात आग झाली. नवं लायनर. सकाळी नारायणराव. त्याच्या तोंडावर शब्द आला होता. पण मायच्या हाताकडं पाह्यलं, तळहात पिवळे, बोटाच्या भेगांत हळद बसलेली, आन तो शब्द त्यानं गिळला. त्यानं पेट्रोलची बाटली आन चिंधी घेतली.

"होऊन जाते," इंद्रभान म्हणला. "पेट्रोलनं धू, वरून जाळ दाखव, सकाळपर्यंत बिरेक लागते. मी करतो तुह्यासंगं. आपल्याले काय अशक्य हाये?"

गोपालनं पहिला तुकडा उचलला. तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला.

"पुसू नको."

सगळे वळले. आबा ओट्यावर बसला होता, तोंड गल्लीकडं. त्या पहिल्या दिवसानंतर जीपच्या कामात तो पहिल्यांदाच काही सांगत होता.

"आबा, तूप असलं तं बिरेक धरत नाही," गोपाल म्हणला.

"खांद्यावरचं तूप पुसत नसतात. उद्याचा दिवस राहू दे."

"उद्या नारायणरावची सवारी हाये. त्यायचा सारा माल आपल्याले..."

"उद्या पोळा हाये." आबा उठला. टोपी डोक्यावर नीट बसवली. "पोळ्याले कोणी बैल जुपते काय?"

एवढं बोलून तो आत गेला.

इंद्रभाननं जाळासाठी काढलेली काडीपेटी परत खिशात घातली.  गोपाल तुकडा हातात घेऊन उभा होता. एका बाजूले नारायणराव. वर्सभराचं काम, रोजचा माल, सोबत्यांच्या तोंडावर मारायले जागा. दुसऱ्या बाजूले आबाचा एक शब्द. आबा जीपले 'ते' म्हणे, 'डबडं' म्हणे, नाही तं काहीच म्हणत नसे. आज बैल म्हणला होता.

गोपालनं तुकडा परत गोणपाटावर ठेवला. तुपाची बाजू वर करून.

मंग बाहेर जाऊन त्यानं नारायणरावले फोन लावला. "उद्या जमत नाही काका. पोळा हाये."

"अरे, पोळा बैलायचा असते. जीपले कायचा पोळा?"

"आमच्या घरी हाये," गोपाल म्हणला.

तिकडून फोन ठेवून देल्ला.

दुसऱ्या दिवशी नारायणरावच्या घरचे दुसऱ्याच्या नव्या पिकअपमधी बसून हिवऱ्याले गेले. त्याचा मालही त्या पिकअपवाल्याकडं गेला, तो आजपर्यंत तिकडंच हाये. हे खोटं सांगण्यात काही अर्थ नाही.

अंगणात जीप पुढून दगडावर टेकलेली, बिनचाकाची, जसा बैल गुडघे टेकून बसते तशी. मायनं तिले धुतलं, बोनेटवर कुंकू लावलं, जयमालानं झेंडूची माळ घातली. गावात तोरणाकडं ढोल वाजत होते, पोळ्याच्या झडत्यायची गाणी ऐकू येत होती. आबा दरवर्सी तोरणाले पुढं असे. ह्या वर्सी गेला नाही. दुपारी तो घरात गेला आन खुंटीवरची मोगऱ्याची घुंगरमाळ घेऊन आला. धूळ झटकली. जीपच्या पुढच्या बंपरले बांधली, गाठ दोनदा पाह्यली. पुरणपोळीचा निवद मायनं गोणपाटापाशी ठेवला. चारी लायनरपुढं चार घास. आबानं हात जोडले.

गोपालले वाटलं, झालं. आता आबा बसन.

पण पोळा संपला तशी आबानं घुंगरमाळ सोडली आन परत खुंटीवर अडकवली. "बैलाची होय ते," म्हणला. दुसऱ्या दिवशी वांगे जीपमंधी भरता येत नव्हते, कारण बिरेकच नव्हता, म्हणून आबा गठुडं डोक्यावर घेऊन एसटीनं गेला. गोपाल भावाच्या मोटारसायकलवर तुपाचे लायनर घेऊन लोणारले मिस्त्रीकडं.

मिस्त्रीनं बोटानं पुसून नाकाले लावलं. "लायनरले फोडणी देली का बे?"

"खांदशेकणी केली," गोपाल म्हणला.

मिस्त्री हसणार होता. पण गोपालच्या तोंडाकडं पाहून हसला नाही. जुनं खरवडून त्यानं नवं चढवून देल्लं.

पुन्हा जीप चालू झाली. पुन्हा मारुतीचा उतार, पुन्हा धांडं, पुन्हा सुतळी. आन आबा एसटीत. गोपालनं इच्छा सोडून देल्ली. एवढं केलं, नारायणराव गेला, आन आबा तिथंच. रस्त्यानं जातानी तो आता आवाजही ऐकत नसे तिचा. एकदा तं इंद्रभानले म्हणला, "भाऊ, भंगारात देऊन टाकू. कायले धरून बसलो मी?"

इंद्रभान त्याच्यावर खेकसला. "माझ्या भावाची गाडी भंगारात जाईन? मी जिवंत हावो तोवर नाही."

आन मंग एक दिवस, लोणारच्या अलीकडं, त्याच सपाटीवर, जीप बंद पडली. मागं वांग्याचे कट्टे, हर्रासाची वेळ होत आलेली. चढ नाही, उतार नाही, दूरपर्यंत माणूस नाही. गोपालनं बोनेट उघडलंच नाही. शीटवर तसाच बसून राह्यला.

मागून एसटी आली. त्यानं मान खाली घातली. ती टोपी पाहायची त्याची इच्छा नव्हती. एसटी बाजूनं गेली. आन पुढं जाऊन थांबली.

आतमंधी काय झालं, ते नंतर कंडक्टरनं सांगतलं. कोणी तरी म्हणलं, "पाहा, गोपालचं डबडं पुन्हा मेलं." आबा रोज गप राहे. त्या दिवशी तो उठून उभा राह्यला. "डबडं नोको म्हणू. घरचा बैल हाये तो. थांबवा गाडी."

गोपालनं पाह्यलं तं आबा रस्त्यानं उलटा चालत येत होता. धोतराचा सोगा हातात. मागून कंडक्टर ओरडून राह्यला होता, "अवो काका, आमाले टाइम हाये!" पण मागोमाग दोनचार जण उतरलेही, कारण त्या जीपले धक्का मारायची सवय सगळ्यायलेच होती.

आबा गोपालजवळ आला. "उतार कुठी हाये?"

"नाही आबा. सपाट हाये."

"मंग बस."

"तुम्ही कायले... हे पोट्टे हायेत ना..."

"बस म्हणतो ना."

बाकीच्यायनं मागून हात लावले. आबानं हात नाही लावला. तो वाकला आन मागच्या फळीले खांदा देल्ला, जसा चिखलात रुतलेल्या गाडीले देतात तसा. तोंडानं त्यानं एक आवाज काढला, जिभेनं, टाळूले लावून. हौश्या-मोगऱ्याले उठवतानी काढे तोच. जीप हलली. गोपालनं गिअर टाकला, क्लच सोडला, ती एकदा अडखळली, दुसऱ्यांदा अडखळली, आन लागली.

आता थांबवली तं पुन्हा मरन. गोपाल खिडकीतून ओरडला, "आबा, थांबवता येत नाही! बसा!"

आरशाले तडा गेलेला होता. त्या तड्यातून त्याले दिसलं, आबा धोतर सावरत पळून राह्यला, एसटीतले लोक ओरडून राह्यले, "धरा काका, धरा!" आबानं मागचा गज धरला, पाय टेकवला आन वांग्याच्या कट्ट्यावर चढून बसला. पाठ गोपालकडं, तोंड मागच्या रस्त्याकडं. बैलगाडीत मागं बसतात तसा.

 गोपालले बोलायची भीती वाटत होती, बोललं तं आबा उतरन अशी. लोणार आलं. गावात शिरतानी उतार लागते. गोपालनं बिरेकवर पाय ठेवला. जीप दबली, धरली, सावकाश खाली उतरली.

मागून आबा म्हणला, "धरते."

"हो आबा."

"खांदे बरे हायेत."

संध्याकाळी बापलेक घरी आले, त्याच जीपमंधून. इंद्रभान पारावर उभा होता. त्यानं पाह्यलं आन पहिल्यांदा त्याले ओरडून सांगायले काही सुचलं नाही. माय दारात आली. तिनं आबाच्या सदऱ्याकडं पाह्यलं. उजव्या खांद्यावर ग्रीसचा आन धुळीचा काळा डाग, हातभर. तिनं इचारलं नाही काय झालं. आत गेली, चुलीवर पाणी ठेवलं, वाटीत तूप-हळद घेतली.

आबा ओट्यावर बसला. सदरा काढला. खांदा सुजला होता. मायनं फडकं बुडवून पिळलं आन शेकू लागली, मंग तूप लावून अंगठ्यानं चोळू लागली. आबानं डोळे मिटले.

"लय दुखते का हो?"

"नाही," आबा म्हणला. मंग डोळे न उघडता बोलला, "गोपाल. ते खुंटीवरची घुंगरमाळ काढ. सकाळी बांध तिले."